कवळीमास्तरांच्या अकरा पेट्या

कवळीमास्तरांनी बनवलेली कवळी ओळखू येत नसे, हीच त्यांची ख्याती होती. दुसरे कारागीर पांढरेशुभ्र दात एका रांगेत, कवायतीला उभे केल्यासारखे बसवत. मास्तरांना ते बघवत नसे. माणूस साठीचा असेल तर दातही साठीचेच दिसले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मग ते एखादा दात किंचित तिरका लावत, दुसऱ्याच्या मुळाशी चहाचा पिवळट डाग चढवत, सिगारेट ओढणाऱ्याच्या खालच्या दातांमागे तपकिरी रेघ ओढत, आणि फारच रंगात आले तर बारीक पात्याने एखादी तडही पाडत. लोक त्या माणसाला म्हणत, "या वयातही स्वतःचे दात टिकवलेत हो तुम्ही." मास्तरांना याहून मोठं प्रशस्तिपत्र नको असायचं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ते हत्तीचं; मास्तरांचे दात दोन्ही कामं करत.

ज्याच्या हाताला खोटं इतकं खरं करता येतं, त्याच्या हातून एक दिवस काय होईल हे आधीच कळायला हवं होतं. एका बाईला थोडंफार कळलं होतं. त्या म्हणजे मास्तरांच्या वहिनी. बारा वर्षांपूर्वी त्यांची कवळी मास्तरांनीच केली. वहिनींचा वरचा एक दात तरुणपणापासून शेजारच्या दातावर चढलेला होता. मास्तरांनी तो तसाच्या तसा चढवला. वहिनींनी आरशात पाहिलं, जीभ फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्या हाताची भीती वाटते मला. उद्या माणूससुद्धा असाच करून ठेवाल." सगळे हसले. मास्तर सगळ्यांत जास्त हसले.

मास्तरांचं काम घराच्या पुढच्या खोलीत चाले. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवत, मास्तर त्यांवर मेण चढवत, अ‍ॅक्रिलिक ओतत, चाकावर घासून चकाकी आणत. टेबलावर कायम कुणाकुणाचे जबडे आ वासून पडलेले. मधल्या दोन खोल्यांत संसार. आणि मागच्या खोलीत, मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यापासून, अकरा पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत एक जुनी विलायती इलेक्ट्रिक गिटार.

मास्तरांना गिटार वाजवता येत नव्हती. हे ऐकून लोक तोंडावर हात ठेवत. "वाजवत नाही, तर ठेवायच्या कशाला?" असं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, "तुम्ही घरातल्या फोटोंशी गप्पा मारता का? तरी ठेवताच ना?" उत्तर तसं काही बरोबर नव्हतं, पण समोरचा गप्प बसे. मग मास्तर खुलत. या गिटारी जिथल्या, त्या देशात एके काळी बाहेरून वाद्यं आणायला बंदी होती, म्हणून तिथल्या फर्निचरवाल्यांनी, अकॉर्डियनवाल्यांनी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी स्वतःच इलेक्ट्रिक गिटारी बनवायला घेतल्या. त्यांना गिटारीतलं फारसं कळत नव्हतं, पण लाकडातलं आणि वायरींतलं कळत होतं. म्हणून एकीला टेबलाच्या पायासारखी मान, दुसरीला रेडिओसारखी बटणं, तिसरीला शिंगं. हे सांगताना मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा होई. त्यांना त्या वाद्यांत आपली जात दिसे. दुसऱ्याची वस्तू बघून बघून हुबेहूब करायला जाणारी आणि करता करता भलतंच काहीतरी करून बसणारी माणसं.

पण अकरातल्या दहा नंतर आल्या. पहिली दादाची.

दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ. तो हॉटेलांतून, नाचाच्या हॉलमधून वाजवायचा. बोटीवरच्या एका वादकाकडून त्याने ती गिटार घेतली होती. अंग गडद लाल, कडेने पांढरी पट्टी, आणि तारांखाली, तारा छेडायच्या पिकचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून बसवलेली कासवाच्या पाठीच्या रंगाची एक पातळ प्लेट. दादाला वाजवताना करंगळी त्या प्लेटवर टेकवायची सवय होती. वीस-बावीस वर्षं करंगळी एकाच जागी घासून तिथे तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडला होता, आणि त्याच्या बाजूला पिकच्या ओरखड्यांचं जाळं. प्लेट सेल्युलॉइडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लास्टिकची होती. वाजवून वाजवून गरम झाली की तिला बारीकसा कापराचा वास यायचा. तो दादाच्या शर्टाच्या बाहीला लागे.

दादा गेला तेव्हा ती गिटार वहिनींच्या शिवणयंत्रावरच्या खिळ्याला उघडीच टांगलेली होती. मास्तर महिनाभर येता-जाता तिच्याकडे बघत राहिले. धूळ बसतेय, खिडकीतून ऊन येतंय, स्वयंपाकघराची वाफ येतेय. शेवटी त्यांना राहवेना.

"वहिनी, ही इथे खराब होईल. मी घेऊन जातो. जशी आहे तशी ठेवीन."

वहिनींनी गिटारीवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "न्या. पण माझी आहे. मी मागीन त्या दिवशी आणून द्यायची."

"मागाल त्या दिवशी," मास्तर म्हणाले.

याला एकोणीस वर्षं झाली. वहिनींनी मधे तीनदा मागितली. पहिल्यांदा मास्तर म्हणाले, सध्या हवा दमट आहे, पेटी उघडणं बरं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तुमच्या घरी रंगकाम चाललंय, ते होऊ द्या. तिसऱ्यांदा काय म्हणाले ते त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. मास्तर चोर नव्हते. ते स्वतःला राखणदार समजत, आणि राखणदाराचा जीव ठेवीत अडकला की तो चोराहून वाईट. चोराला निदान ठाऊक असतं की वस्तू आपली नाही.

गिटार जपण्याची मास्तरांची रीत एकच: पेटी बंद. हवा लागू द्यायची नाही. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या, झाकणाच्या फटीला रबराची पट्टी, वरून प्लास्टिकची पिशवी, पिशवीला टेप. खोलीची खिडकीही बारा महिने बंद. दर रविवारी ते अकरा पेट्या बाहेरून पुसत आणि आत न बघताच समाधानाने बाहेर येत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ इतकी झाकलेली होती की आत काय उरलंय हे मूठवाल्यालाही ठाऊक नव्हतं. दादाची पेटी तर आठ वर्षांत उघडली नव्हती.

वास पहिल्यांदा बायकोला आला.

"अहो, त्या खोलीत कापूर ठेवलाय का तुम्ही?"

"डांबराच्या गोळ्या असतील. तुझ्या गाद्यांत."

"डांबर आणि कापूर यांतला फरक मला कळतो."

मास्तरांनी विषय बदलला. काही दिवसांनी त्याच खोलीतल्या कपाटात ठेवलेली बायकोची कात्री निघाली, तर तिच्यावर गंजाचा थर. टाचण्यांचा डबा उघडला, तर पितळी टाचण्या हिरव्या पडलेल्या. कपाटाचं कुलूप किल्लीला दाद देईना. बायकोने टाचण्यांचा डबा आणून मास्तरांच्या टेबलावर, कुणाच्या तरी खालच्या जबड्याशेजारी ठेवला.

"हे काय होतंय त्या खोलीत?"

"भिंतीत ओल आहे."

"भिंत कोरडी ठणठणीत आहे. मी हात लावून बघितलाय."

त्या संध्याकाळी मास्तरांनी दादाच्या पेटीला टेपचा आणखी एक वेढा दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मास्तरांनी ती कुणालाच सांगितली नव्हती. तरुणपणी ते ज्या गुरुजींच्या हाताखाली शिकले, त्यांच्या कपाटात शंभरेक वर्षांपूर्वीची एक कवळी होती. पूर्वी कवळ्या सेल्युलॉइडच्याही करत. घालणाऱ्याच्या तोंडाला दिवसभर कापराची चव यायची म्हणून पुढे ती पद्धत मोडली. गुरुजी ती कवळी उघड्या बशीत ठेवत. एकदा मास्तरांनी ती उचलून नीट डबीत ठेवली, तर गुरुजी ओरडले होते. "हे जित्राब डबीत ठेवायचं नसतं. त्याला हवा लागते. कोंडलं की आपलाच आंबट वाफारा पिऊन कुजतं, आणि शेजारच्याला घेऊन मरतं. आणि तापलं तर भडकन पेटतं, लक्षात ठेव."

मास्तरांच्या ते लक्षात होतं. पहिल्यांदा बायकोने कापूर म्हटलं त्याच क्षणी आठवलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि माहीत करून घेणं वेगळं. पेटी उघडेपर्यंत दादाची गिटार धडधाकट होती. आणि म्हणूनच पेटी उघडायची नव्हती.

सोमवारी सकाळी फोन आला.

"भावजी, मी रविवारी येतेय," वहिनी म्हणाल्या. "गिटार न्यायला."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण वहिनींनी बोलू दिलं नाही. "हवेचं सांगू नका. डोळे चाललेत माझे. समोर बघितलं की मधे काळा डाग येतो, फक्त कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, तेही वर्षभर टिकलं तर नशीब. मी बहिणीकडे राहायला जातेय. जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचीय मला ती. त्यांच्या बोटाची जागा बघायचीय. मग दिसेनासं झालं तरी हाताला सापडेल."

"या," मास्तर म्हणाले.

फोन ठेवून ते मागच्या खोलीत गेले. दिवा लावला. कात्रीने टेप कापला, पिशवी सोडवली. एक खटका उघडताना हातात तुटून आला. दुसरा हिरवा पडून जागीच बसला होता. तो पक्कडीने उपटावा लागला. झाकण उचललं तसा आतून वास आला. कापूर, पण त्यात व्हिनेगरसारखं काहीतरी आंबलेलं, नाकाच्या मुळाशी जाऊन टोचणारं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं वासामुळे किती हे सांगता येणार नाही.

तारा नव्हत्या. त्यांच्या जागी तपकिरी भुकटीच्या सहा रेघा होत्या. स्क्रूंवर हिरवी बुरशी यावी तसं काही फुगून आलं होतं. पेटीचं मखमली अस्तर प्लेटच्या आकारात जळाल्यासारखं विरलं होतं. आणि प्लेट? उन्हाळ्यात तळ्याचा गाळ फाटतो तशी ती फाटली होती, कडा वर वळलेल्या, मधेमधे चिकट. करंगळीच्या खळग्याच्या जागी भोक पडलं होतं. मास्तरांनी तिला चिमटा लावला आणि तिचा एक तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा चुरून पडला.

ते खाली बसले. मग एकदम उठून शेजारची पेटी उघडली. तिच्यातली प्लेट पिवळी पडली होती, स्क्रूंभोवती हिरवं वर्तुळ. तिसरी उघडली. तिचं पितळ काळवंडलेलं. दादाची गिटार आठ वर्षं एकटी कुजत नव्हती. चौथ्या पेटीला मास्तरांनी हात लावला नाही.

दुपारपर्यंत त्यांनी दादाच्या प्लेटचा चुरा न् चुरा गोळा केला आणि काचेच्या बरणीत, पाण्यात ठेवला. अशी वस्तू पेटू नये म्हणून कोरडी ठेवायची नसते एवढं त्यांना ठाऊक होतं. बरणी बाल्कनीत सावलीला ठेवून त्यांनी हात धुतले, जेवले नाहीत, आणि पुढच्या खोलीत जाऊन डॉक्टरांची कामं बाजूला सारली.

आता मास्तर काय करणार हे वाचणाऱ्याने ओळखलंच असेल. मास्तरांनाही ओळखायला वेळ लागला नाही. प्लेट तीन मिलिमीटरची. अ‍ॅक्रिलिक घरातच. तपकिरी आणि मधाचा रंग एकमेकांत अर्धवट कालवून ओतला की कासवाची पाठ तयार होते. मंगळवारी प्लेट ओतली, बुधवारी कापली. गुरुवारी चाकावर घासून चकाकी आणली आणि लगेच ती मारली, कारण जुन्या वस्तूला चकाकी शोभत नाही. मग दादाचा एक फोटो भिंगाखाली धरून ओरखडे मोजायला बसले.

खळगा सगळ्यांत अवघड. फोटोत तिथे दादाचा हात होता, त्यामुळे जागा दिसत नव्हती. मास्तरांनी मग ती गिटार मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दादा बसायचा तसे बसले, मनगट टेकवलं, करंगळी कुठे पडते ते पाहिलं. त्यांची करंगळी दादाच्या करंगळीहून आखूड. अंदाजाने अर्धं बोट पुढे खूण केली. बारीक पात्याने कोरलं, भुकटीने घासलं, चहाच्या पाण्याने डाग चढवला. तांदळाच्या दाण्याएवढं.

बायको दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"हे वहिनींसाठी करताय," ती म्हणाली, "की वहिनींपासून वाचायला?"

"त्यांना बरं वाटेल. दिसत नाही नीट त्यांना."

"म्हणजे सोपं झालं."

मास्तर खळग्यावरची भुकटी झटकत राहिले. बायको पुढे म्हणाली, "एकोणीस वर्षं म्हणताय जपली, जपली. तुम्ही जपली नाहीत. कोंडलीत."

ती निघून गेली. मागच्या खोलीची खिडकी करकरत उघडल्याचा आवाज आला. एरवी मास्तर ती बंद करायला लगेच उठले असते. पण उठले नाहीत, काम करत राहिले.

शुक्रवारी नव्या तारा, नवे स्क्रू. स्क्रूंना मीठ आणि व्हिनेगर लावून जुनं केलं. शनिवारी एक गोष्ट ध्यानात आली. गिटारीच्या कडेने फिरलेली पांढरी पट्टीही सेल्युलॉइडची होती, आणि तीही बोटाला चिकटू लागली होती. ती सोडवायची तर अख्खी गिटार सोलावी लागली असती. मास्तरांनी तिच्यावर वार्निशचा पातळ हात मारला. चिकटपणा दिसेनासा झाला. आत चालू होता तो चालूच राहिला.

रविवारी दुपारी वहिनी आल्या. खाली गाडी थांबवून ठेवली होती. जिना चढताना त्या मान एका बाजूला झुकवून, पायऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या. खुर्चीत बसल्यावर मास्तरांकडेही त्यांनी तसंच तिरकं पाहिलं.

"केस गेले की हो भावजी तुमचे. तेवढे नाही बसवता येत वाटतं."

बायको हसली. मास्तरांनी गिटार आणून वहिनींच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी आधी लाल लाकडावरून हात फिरवला, मग मान फिरवून, चेहरा भिंतीकडे करून, कडेच्या नजरेने प्लेट बघितली. मग बोटं ओरखड्यांवरून सरकत सरकत गेली आणि त्या खळग्यात थांबली. त्यांची करंगळी त्यात बसली.

"इथेच," त्या म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. मास्तरांना वाटलं, रडल्या असत्या तर बरं होतं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, जणू कुणी आतून गाठ सोडली. त्या अकरा मिनिटं तशाच बसल्या; समोर घड्याळ होतं म्हणून मास्तरांना नेमकं ठाऊक. आपण कोरलेल्या खळग्यात ही बाई नवऱ्याचं बोट शोधतेय आणि तिला ते सापडतंय, हे बघत बसायची पाळी माणसावर येऊ नये.

मग वहिनींनी वाकून प्लेटला नाक लावलं. थोडा वेळ तशाच राहिल्या.

"धुतलीत का?"

"पुसली," मास्तर म्हणाले.

"हं."

त्या सरळ बसल्या. म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं होतं, एव्हाना तुम्ही वाट लावली असणार. तीनदा नाही म्हणालात ना, तेव्हाच मनात आलं होतं. चुकलं माझं. तुम्ही म्हणायचात ते बरोबर होतं. उघडी ठेवली असती तर खराब झाली असती. आता मीही बंदच ठेवणार पेटीत. बहिणीच्या गावी थंडी मरणाची. उशाशी ठेवीन, हीटरला लागून. ऊब राहील लाकडाला."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ती काही बोलणार नव्हती.

"वहिनी, पेटीत नका ठेवू," मास्तर म्हणाले. "भिंतीला टांगा. मोकळ्या हवेत."

"का? एकोणीस वर्षं तुम्ही पेटीत ठेवली, कशी राहिलीय बघा."

"आणि हीटरजवळ तर नकोच."

"का पण?"

मास्तरांकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. लाकूड सुकतं. तारा ताणतात. वार्निश तडकतं. वहिनींनी त्यांतलं कुठलंही मानलं असतं. त्या आज काहीही मानायला तयार होत्या. आणि मग बहिणीच्या गावी, थंडीच्या एखाद्या रात्री, उशाशी असलेली बरी म्हणून त्यांनी ती पेटीत ठेवली असती, तीही हीटरच्या बाजूला. जपायचं म्हणूनच. मास्तरांनी जपली तशीच.

"कडेची पट्टी कुजतेय," मास्तर म्हणाले. "तापली तर पेटेल. प्लेट आधीच कुजली. ती राहिली नाही. ही मी केलीय."

वहिनींची करंगळी अजून खळग्यात होती.

"कधी?"

"या आठवड्यात. अ‍ॅक्रिलिकची आहे. ओरखडे फोटोवरून. तो खळगा..." मास्तरांनी आपली करंगळी मुठीत घेतली. "तो अंदाजाने. गुरुवारी."

वहिनींनी बोट काढून घेतलं. सावकाश, गरम भांड्याला हात लागल्यावर काढतात तसं झटक्याने नव्हे. मग दोन्ही हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले. गिटार मांडीवर एकटी राहिली. ती घसरेल म्हणून मास्तर पुढे झाले आणि त्यांनी ती उचलून घेतली.

खाली गाडीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

"खरी कुठंय?" वहिनी म्हणाल्या.

"ती बघण्यासारखी नाही."

"बघण्याचं माझं काय राहिलंय? कुठंय?"

बायको उठली आणि बाल्कनीतून बरणी घेऊन आली. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. तळाशी तपकिरी चुरा, दोन-चार पापुद्रे. वहिनींनी बरणी दोन्ही हातांत धरली, हलवली नाही. मग झाकण फिरवून काढलं.

"जास्त जवळ नका नेऊ, नाकाला लागेल," मास्तर म्हणाले.

त्यांनी जवळ नेली. वास घेतला. खोलीभर तो पसरला, आंबट, टोचरा, आणि त्याच्या तळाशी कापूर. वहिनींचे डोळे मिटले.

"बाही," त्या एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी झाकण लावलं, घट्ट केलं, आणि उठल्या. मास्तर गिटार घेऊन दारापर्यंत मागे गेले.

"वहिनी, ही..."

"ती तुम्हीच ठेवा, भावजी. हुबेहूब आहे." त्या मान झुकवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होत्या. "बरणी उन्हात ठेवायची नाही ना?"

"नाही. आणि पाणी आटू द्यायचं नाही. पण वहिनी, ती टाकून देण्याच्या लायकीची..."

"पाणी मी घालीन."

बायकोने त्यांचा हात धरून त्यांना जिन्याने खाली नेलं. वरून मास्तरांना दिसलं की वहिनी गाडीत बसल्या, बरणी मांडीवर घेतली आणि गाडीचा धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती दोन्ही हात धरले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

मास्तर मागच्या खोलीत आले. खिडकी उघडी होती, वारा येत होता. भिंतीला एक जुना खिळा होता, मुलीच्या फोटोचा. त्यांनी गिटार त्याला टांगली. मग चौथ्या पेटीसमोर उकिडवे बसले आणि टेप सोलायला लागले. वेढे बरेच होते. शेवटचा वेढा सुटायच्या आधीच वास आला.